उसाचे बेट मॉरिशस

मॉरिशस हे नाव तुम्ही ऐकले असेल. वर्तमानपत्रात त्याच्या जाहिराती येतात. निळा समुद्र, पांढरी वाळू, एक वाकलेला माड आणि माडाखाली रिकामी खुर्ची. समुद्र निळा आहे, वाळू पांढरी आहे, त्यात खोटे काही नाही. पण नुसता समुद्रच बघायचा तर आपले कोकण काय वाईट आहे? परक्या मुलखात जायचे ते तिथली जमीन बघायला, तिथली माणसे बघायला. आणि ही माणसे इथे आली कुठून, हे विचारायला. मॉरिशसमध्ये हा प्रश्न विचारला की उत्तर थेट आपल्या रत्नागिरीपर्यंत येऊन पोचते. ते कसे, ते आता पाहू.

जवळ नकाशा असेल तर समोर घ्या. आफ्रिका खंडाच्या उजव्या अंगाला मादागास्कर नावाचे मोठे बेट दिसेल. त्याच्याही पूर्वेला, भर समुद्रात, मोहरीच्या दाण्याएवढा एक ठिपका आहे. तेच मॉरिशस. मुंबईहून ते साधारण ४,७०० किलोमीटर दूर आहे. विमानाने सहा-सात तास लागतात. बेट फार मोठे नाही. लांबी ६५ किलोमीटर, रुंदी ४५ किलोमीटर. उपनगरांसकट आपल्या तीन मुंबई त्यात मावतील, एवढेच. वस्ती १२ लाखांच्या थोडी वर. आणि २०२४ साली बाहेरून आलेले पाहुणे होते १३ लाखांहून जास्त! घरच्या माणसांपेक्षा पाहुणेच अधिक.

जायचे झाले तर केव्हा जावे? हे बेट पृथ्वीच्या दक्षिण भागात आहे, म्हणून तिथले ऋतू आपल्या उलटे. आपल्याकडे जुलै-ऑगस्टात पाऊस कोसळतो, तेव्हा तिथे थंडी असते. थंडी म्हणजे अंगावर एक स्वेटर पुरे, एवढीच. जानेवारी ते मार्च उकाडा, पाऊस आणि समुद्री वादळे. तेव्हा ते महिने टाळलेले बरे. घड्याळ दीड तास मागे करावे लागते. आपल्याकडे सकाळचे साडेआठ वाजले, तर तिथे सातच वाजलेले असतात.

विमान खाली उतरू लागले की पहिल्याने दिसतो ऊस. हिरवागार, वाऱ्यावर डुलणारा ऊस. आणि त्या उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे ढीग. काही ढीग माणसाएवढे, काही घराएवढे. काही तर पायऱ्या-पायऱ्यांनी नीट रचलेले. पाहुण्यांच्या मोटारी त्यांच्या शेजारून भुर्रकन निघून जातात. कोणी थांबत नाही. आम्हाला विचाराल तर, या बेटावर सगळ्यांत आधी बघायची गोष्ट हीच.

शेतातले दगड वेचणे म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. आपणही दगड वेचतो आणि त्यांची ताल घालतो, बांध घालतो. तिथे दगड एवढा निघाला की बांधात मावेना. म्हणून शेताच्या मध्येच त्याची रास लावली. हे काम यंत्रांनी झालेले नाही. यंत्रे पुष्कळ उशिरा आली. आधी गुलामांनी आणि मग मजुरांनी हे दगड हातांनी उचलले, डोक्यावरून वाहिले आणि एकावर एक रचले. दगड निघाला तिथे ऊस लागला. उसाची साखर झाली. साखर बोटीत भरून परदेशी गेली. दगड मात्र तिथेच राहिले.

आता हा दगड आला कुठून? इथे एक मोठी गमतीची गोष्ट आहे, बरं का! हा दगड आणि आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ हे दोघे एकाच चुलीवरचे आहेत.

चुलीवर भाकरी फिरवतो, तेव्हा जाळ एकाच जागी असतो. भाकरी सरकते. जाळावर जो भाग येईल, तिथे डाग पडतो. पृथ्वीचेही तसेच आहे. तिच्या पोटात काही जागी फार मोठी उष्णता आहे. वरचे कवच अगदी हळूहळू सरकत असते. वर्षाला काही बोटे, एवढेच. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपला भूभाग अशाच एका जाळावर होता. तेव्हा जमीन फाटली. तापलेला रस बाहेर आला, थरांवर थर साचले आणि थंड झाले. तेच आपले दख्खनचे पठार. तोच सह्याद्री. पुढे आपला भूभाग उत्तरेला सरकला. जाळ मागे राहिला. वरून समुद्राचा तळ सरकत गेला आणि एकामागून एक डाग पडत गेले. सुमारे ८०-९० लाख वर्षांपूर्वी त्या जाळावर मॉरिशस उभे राहिले. आता मॉरिशसही पुढे सरकले आहे आणि तिथला ज्वालामुखी विझला आहे. जवळच २०० किलोमीटरवर रेयुनियों नावाचे बेट आहे. ते फ्रान्सच्या ताब्यात आहे. तिथला डोंगर अजून आग ओकतो.

म्हणून मॉरिशसचे डोंगर आपल्याला ओळखीचे वाटतात. तसेच उभे कडे, तसेच सुळके. उंची मात्र कमी. सर्वांत उंच शिखर ८२८ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या निम्मे. शामारेल नावाच्या गावी एक उंच धबधबा आहे आणि जवळच रंगीत मातीच्या टेकड्या आहेत. लाल, तपकिरी, जांभळी, पिवळी माती एकमेकींना लागून पसरली आहे. लोक तिला सात रंगांची माती म्हणतात. यात जादू काही नाही. काळा दगड लाखो वर्षे ऊन-पावसात कुजला. त्यातले बाकीचे सत्त्व वाहून गेले आणि लोखंडाचा गंज मागे राहिला. कोकणातला तांबडा जांभा असाच तयार झाला आहे. त्या टेकड्यांवर गवताची काडीही उगवत नाही. कडेला कठडा आहे. कठड्याबाहेरून बघायचे, मातीवर पाय द्यायचा नाही.

या बेटावर मूळची माणसे नव्हतीच. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा. आदिवासी नाहीत, राजे नाहीत, गाव नाही. होते ते नुसते रान. आबनुसाची काळ्या लाकडाची झाडे, मोठी कासवे आणि पाखरे. वाघ नाही, कोल्हा नाही, मांजरसुद्धा नाही. खाणारा शत्रूच नसला तर पाखराने उडावे तरी कशाला? तिथे एक पक्षी होता, डोडो. कबुतरांच्याच गोतातला, पण अंगाने केवढा! उंची जवळजवळ एक मीटर. पंख आखूड. उडता येत नसे. अंडी जमिनीवर घालायचा. माणूस कधी पाहिलाच नव्हता, म्हणून माणसाला भ्यायचाही नाही.

१५९८ साली डच लोकांची गलबते या बेटाला लागली. आपल्या राजपुत्राच्या नावावरून त्यांनी बेटाचे नाव मॉरिशस ठेवले. खलाशांनी डोडो मारून खाल्ले. पण खरा घात केला तो गलबतातून उतरलेल्या जनावरांनी. उंदीर उतरले, डुकरे उतरली, माकडे उतरली. जमिनीवरची उघडी अंडी त्यांना आयती मिळाली. वरून आबनुसाची तोड सुरू झाली. १६६२ च्या सुमारास डोडो शेवटचा दिसला. पासष्ट वर्षेसुद्धा झाली नाहीत, तोवर लाखो वर्षांचा रहिवासी संपला. आज त्याची हाडे पोर्ट लुई या राजधानीच्या शहरात, संग्रहालयात ठेवली आहेत. गंमत अशी, की आता त्याच डोडोचे चित्र तिथे जिकडेतिकडे आहे. सरकारी मुद्रेवर आहे, टोप्यांवर आहे, दुकानातल्या खेळण्यांवर आहे. जिवंत होता तेव्हा त्याची एवढी किंमत कोणी केली नव्हती.

मूळ रानापैकी चांगल्या स्थितीत उरले आहे ते दोन टक्क्यांहून कमी. बाकीचे उसाखाली आणि वस्तीखाली गेले. उरलेल्या रानातले बरेचसे ब्लॅक रिव्हर गॉर्जेस या अभयारण्यात आहे. खोल दऱ्या, वाहते ओढे, पायवाटा. चालायची हौस असेल त्याने तिथे एक पूर्ण दिवस काढावा. तिथे आणखी एक पक्षी भेटतो. तो आहे मॉरिशसचा लहान ससाणा. १९७४ साली रानात या जातीचे फक्त चार पक्षी माहीत होते. चार! मग जाणत्या लोकांनी त्यांची अंडी काढून आणली, पिल्ले हाताने भरवून वाढवली, रानात लाकडी खोपे टांगले. आता ते ससाणे शेकड्यांनी आहेत. गुलाबी कबुतराचेही तसेच. १९९० च्या सुमारास रानात दहाएक उरली होती, ती वाढून शेकड्यांवर गेली. उपाय वेळेवर झाला तर असेही होते.

डच लोकांनीच जावा बेटातून ऊस आणून लावला. १७१० साली ते बेट सोडून गेले. पाच वर्षांनी फ्रेंच आले. मग १८१० साली इंग्रजांनी ते फ्रेंचांकडून जिंकून घेतले. धनी बदलले, पण ऊस वाढतच गेला. आणि ऊस म्हणजे हातांचे काम, हे तुम्ही जाणताच. हात कुठून आणायचे? मादागास्करहून, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसे धरून आणली. विकत घेतलेली माणसे. त्यांना मजुरी नाही, सुट्टी नाही, नाव बदललेले, भाषा तुटलेली.

बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला ल मोर्न नावाचा डोंगर आहे. समुद्रात पाय रोवून बसलेल्या किल्ल्यासारखा. उंची ५५६ मीटर. पळालेले गुलाम या डोंगराच्या कपारींत लपून राहत. लोक एक हकिकत सांगतात. १८३५ साली गुलामी बंद झाली. ती आनंदाची बातमी सांगायला शिपाई डोंगर चढू लागले. वरच्या लोकांना वाटले, आपल्याला धरायलाच आले. पुन्हा गुलाम होण्यापेक्षा मेलेले बरे, असे म्हणून त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. ही हकिकत पिढ्यान्‌पिढ्या तोंडोतोंडी आली आहे. २००८ साली हा डोंगर जागतिक वारशाच्या यादीत घेतला गेला. खाली समुद्रावर मोठी हॉटेले आहेत. तिथे उतरलेल्या पाहुण्याने निदान मान वर करून त्या कड्याकडे बघावे.

त्या गुलामांचे गाणे मात्र मेले नाही. त्याला सेगा म्हणतात. रात्री कामावरून सुटल्यावर शेकोटीभोवती ते गात आणि नाचत. बकऱ्याच्या कातड्याचा एक मोठा डफ असतो, त्याचे नाव रवान. वाजवण्याआधी तो विस्तवावर शेकतात. आपली हलगी शेकतात, अगदी तशीच. हॉटेलात पाहुण्यांसाठी रंगीत झगे घालून सेगा करतात. तोही बरा असतो. पण गावात, कोणाच्या अंगणात सेगा बघायला मिळाला, तर हॉटेलचे तिकीट वाचवावे.

गुलामी बंद झाली, तेव्हा साठ हजारांवर माणसे मोकळी झाली. इंग्रज सरकारने भरपाई म्हणून सुमारे वीस लाख पौंड दिले. कोणाला? गुलामांना नव्हे, मळेवाल्यांना! गुलामांना एक दमडीही मिळाली नाही. सुटलेल्या माणसांना उसाच्या फडात पुन्हा पाय ठेवायचा नव्हता. मग मळेवाल्यांची नजर वळली हिंदुस्थानाकडे.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलास' नावाचे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागले. मग ओघ सुरू झाला. बिहारातून, तामिळ मुलखातून, आंध्रातून आणि मुंबई बंदरातून माणसे गेली. पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे या बेटावर उतरली. करार पाच वर्षांचा. मजुरी महिना पाच रुपये. वर तांदूळ, डाळ, तेल, मीठ. ऐकायला बरे वाटते. पण एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापत. मग महिन्याअखेर हातात काय उरणार? मालकाच्या परवान्याशिवाय मळा सोडता येत नसे. करारात काय लिहिले आहे, ते बहुतेकांना वाचता येत नव्हते. कारकुनाने वाचून दाखवले ते ऐकले आणि कागदावर निशाणी केली.

ही माणसे जिथे उतरली, ती जागा पोर्ट लुईच्या बंदरावर आजही आहे. तिला आप्रवासी घाट म्हणतात. काळ्या दगडाच्या भिंती, पाण्यातून वर येणाऱ्या पायऱ्या, मुक्कामाच्या पडव्यांचे अवशेष. २००६ साली ही जागाही जागतिक वारशात गेली. जागा लहान आहे. तासाभरात बघून होते. घाईत असलेला पाहुणा म्हणेल, इथे आहे काय? चार पायऱ्या. पण बेटावरच्या निम्म्याहून अधिक घरांचा पणजोबा त्या पायऱ्यांवरून चढला आहे. आज २ नोव्हेंबरला साऱ्या देशात सुट्टी असते. १ फेब्रुवारीला, गुलामी संपल्याच्या दिवशीही असते.

उतरलेल्या प्रत्येक माणसाची तिथे नोंद होत असे. नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जिल्हा, गाव. पुढेपुढे छायाचित्रही काढू लागले. या जुन्या वह्या मोका या गावी, महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. लिहिणारा कारकून परक्या भाषेचा. आपली नावे त्याच्या कानाला कशी ऐकू आली असतील, विचार करा. त्याने जसे लिहिले तसेच ते नाव घराण्याला चिकटले. पुष्कळांच्या बाबतीत आज्या-पणज्याचे नाव हेच आडनाव झाले आणि खरे आडनाव मागे राहिले. आज मॉरिशसची माणसे त्या वह्या उलटून आपल्या गावाचे नाव शोधतात. अक्षर लागत नाही. गावाचे नाव वाकडेतिकडे लिहिलेले. तरी शोधतात.

त्यात मराठी माणसेही आहेत. मुंबई बंदरातून जी मंडळी गेली, त्यांत रत्नागिरीकडची पुष्कळ. आज बेटावर मराठी घरे संख्येने फार नाहीत. घरात बोलतात ती क्रेओल भाषा. फ्रेंच शब्दांतून गुलामांच्या तोंडी ती तयार झाली आणि आता साऱ्या बेटाची झाली. मराठी शाळेत शिकवतात. गावोगावी मराठी मंडळ्या आहेत. आणि गणपती! भाद्रपदात घरोघरी मूर्ती बसते. कोकणातली जाखडी तिथे झाकरी या नावाने नाचतात. मिरवणूक निघते आणि मूर्ती समुद्रात किंवा ओढ्यात बोळवतात. गणेशचतुर्थीची सुट्टी तिथे सगळ्या देशाला असते. चिनी, ख्रिस्ती, मुसलमान, सगळ्यांना. तसेच ईदची आणि चिनी नववर्षाचीही सगळ्यांना. २०२३ साली तिथे शिवाजी महाराजांचा पुतळाही उभा राहिला आहे.

पण मजुरांच्या वस्तीतली सर्वांत मोठी गोष्ट आमच्या मते देऊळ नव्हे. ती म्हणजे बैठक. उसाच्या पाल्याने शाकारलेली एक झोपडी. दिवसभर फडात राबून आलेली माणसे रात्री तिथे जमायची. एखादा जाणता रामायण वाचायचा. कंदिलाच्या उजेडात पोरांना अक्षरे शिकवायची. भांडण झाले तर ते मिटवायचे, तेही तिथेच.

या अक्षरांनी पुढे काय केले ते ऐका. १८७१ साली ९,४०१ मजुरांनी एक अर्ज केला. आमच्यावर जुलूम होतो, चौकशी करा, असा तो अर्ज. एका गोऱ्या मळेवाल्याने, आदोल्फ द प्लेविट्झ याने, त्यांना मदत केली. गावठी मळेवाले त्याच्यावर फार चिडले. पण विलायतेहून चौकशीला माणसे आली आणि काही नियम बदलावे लागले. १९०१ साली गांधीजी आफ्रिकेहून हिंदुस्थानात परतताना त्यांचे जहाज मॉरिशसला काही दिवस थांबले. मुलांना शिकवा आणि राजकारणात लक्ष घाला, असे त्यांनी तिथल्या लोकांना सांगितले.

तरीही मत देण्याचा हक्क मूठभर श्रीमंतांनाच होता. १९४७ साली कायदा बदलला. बेटावरच्या कोणत्याही एका भाषेत ज्याला साधे लिहिता-वाचता येईल, त्याला मत. पुरुषालाही आणि बाईलाही. इंग्रजीच हवी, अशी अट नव्हती. आता घाई झाली! बासदेव बिसुनदयाल नावाच्या एका शिक्षकाने आणि त्याच्या शेकडो स्वयंसेवकांनी गावोगावच्या बैठका पुन्हा पेटत्या केल्या. ऊस तोडून हाताला घट्टे पडलेली माणसे रात्री पाटी घेऊन बसली. आजीबाई बसल्या. कोयता धरणारी बोटे पेन्सिल धरायला शिकली. त्याआधी मतदार होते बारा हजारांच्या आसपास. १९४८ च्या निवडणुकीत ते सत्तर हजारांच्या वर गेले. वीस वर्षांनी, १२ मार्च १९६८ रोजी, देश स्वतंत्र झाला. दांडीयात्रा निघाली तीच ही तारीख, मुद्दाम निवडलेली. पहिले पंतप्रधान झाले शिवसागर रामगुलाम. ते एका मजुराचे चिरंजीव.

अशा बैठका आजही गावांत आहेत, आता पक्क्या इमारतीत. जाहिरातीत त्यांचे चित्र नसते. कोणी नेतो म्हटले तर जरूर जावे.

बेटाच्या दक्षिणेला, डोंगरावर, एका विझलेल्या ज्वालामुखीच्या तोंडात तळे साचले आहे. जुने लोक त्याला परी तलाव म्हणत. आता त्याचे नाव गंगा तलाव. १९७२ साली गंगेचे पाणी आणून त्यात मिसळले. महाशिवरात्रीला लाखो लोक घरून पायी निघतात. काहींना दोन-तीन दिवस चालावे लागते. खांद्यावर बांबूची, रंगीत कागदांनी सजवलेली कावड. वाटेत गावोगावचे लोक, धर्म कोणताही असो, सरबत आणि फराळ घेऊन उभे असतात. आपली आषाढीची वारी आठवावी, असा थाट. तळ्याच्या वाटेवर १०८ फुटांची शंकराची मूर्ती आहे. ती २००७ साली उभी राहिली. पाहुणे मूर्तीचा फोटो काढून परततात. शांतपणा हवा असेल तर पुढे तळ्याच्या पायऱ्यांवर बसावे.

भूक लागली तर चिंता नको. रस्त्याच्या कडेला दालपुरीच्या गाड्या असतात. शिजवून वाटलेली डाळ भरलेली मऊ पातळ पोळी, आत वालाची भाजी, चटणी, मिरची. जोडीने देतात. राजधानीत बाबू आणि हमाल एकाच गाडीपुढे उभे राहून खातात.

आता समुद्र. तो इतका वेळ बाजूला ठेवला, पण तो बघायलाच हवा. बेटाभोवती पोवळ्यांची एक भिंत आहे. पोवळे म्हणजे बारीक जीव. त्यांच्या सांगाड्यांवर सांगाडे साचून समुद्रात बांध तयार झाला आहे. मोठ्या लाटा त्या बांधावर फुटतात. आतले पाणी उथळ आणि शांत, तळ्यासारखे. त्यात मासे वाढतात, त्यावर कोळी जगतात. पांढरी वाळू म्हणजेही पोवळ्यांचा चुरा. दक्षिणेला ग्री-ग्री नावाच्या जागी हा बांध तुटला आहे. तिथे लाटा सरळ काळ्या कड्यावर येऊन आपटतात. दोन्ही जागा बघितल्या म्हणजे बांधाचे मोल कळते. पोवळ्यांवर पाय देऊ नये. बोटभर वाढायला त्यांना वर्षे लागतात.

२५ जुलै २०२० रोजी 'वाकाशियो' नावाचे एक अजस्र मालवाहू जहाज रात्री या पोवळ्यांवर चढले. बारा दिवसांनी ते फुटले आणि सुमारे १,००० टन काळे तेल त्या शांत पाण्यात पसरले. माएबूर गावाच्या किनाऱ्याला तेल लागू लागले. हुकमाची वाट न बघता गावोगावचे लोक किनाऱ्यावर धावले. तेल अडवायला काहीतरी तरंगणारे हवे होते. त्यांनी फडातले पाचट आणले, उसाचे वाळलेले पान. ते कापडाच्या लांब पिशव्यांत भरले, तरंगावे म्हणून रिकाम्या बाटल्या बांधल्या, आणि पिशव्या एकीला एक जोडून पाण्यात सोडल्या. केसांना तेल चिकटते, म्हणून बायका-पुरुषांनी केस कापून दिले. शिवणारे रात्रभर शिवत होते. जवळच्या एका लहान बेटावर दुर्मिळ पाखरे आणि रोपे जपून वाढवलेली होती. पक्षी सांभाळणाऱ्यांनी त्यांतली काही पाखरे आणि रोपवाटिकेतली रोपे तिथून हलवली. पाण्यावर तरंगणारे पुष्कळसे तेल काही दिवसांतच उपसून काढले. खाजणातल्या झाडांच्या मुळांना चिकटलेले तेल धुऊन काढायला मात्र महिने लागले.